हळद-कुंकवाची गोळी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट केलेलं नाही, हे आधीच लिहून टाकते. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझा राग काही लपायचा नाही, म्हणून. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. चांगल्या माणसावर वर्षानुवर्षं रागावून बघा, मग माझं दुखणं कळेल.

त्यांचं नाव इरम्मा. आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गाच्या अंगाला. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यानं घरात निम्मं बोलणं कानडी, आणि सासूला आम्ही अत्ती म्हणतो. अत्तींचं वय सत्तरीच्या आसपास असावं. नक्की कुणालाच ठाऊक नाही, कारण आधार कार्डावर त्यांचा जन्म एक जानेवारीचा आहे, जसा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला पान-सुपारीची चंची. उंच आणि ताठ. कधी घाईनं चालताना दिसायच्या नाहीत, पळताना तर नाहीच.

आणि मी, शिवलीला, गावची आशा. माहेर तामलवाडीचं. लग्नाला अठरा वर्षं झाली, आशाचं काम धरल्याला अकरा. घरोघर जायचं, गरोदर बायकांची नावं घ्यायची, लेकरांना लसीला आणायचं, आणि औषध कसं घ्यावं ते सांगायचं. धाराशिवला प्रशिक्षणात दिलेला एक चित्रांचा तक्ता माझ्या पिशवीत असतो. त्यावर लिहिलंय: डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस औषध घ्या, मधेच सोडू नका, उरलेलं दुसऱ्याला देऊ नका. हे मी आख्ख्या गावाला अकरा वर्षं वाचून दाखवतेय. आणि माझ्याच घरात, देवघराच्या कोनाड्यात, आख्ख्या गल्लीच्या उरलेल्या औषधांचा डबा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डबा बिस्किटाचा, पत्र्याचा. झाकणावर कधीकाळी गुलाब होते. त्या डब्याची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या घरची एक रीत सांगायला हवी.

आमच्यात कुठल्याही भांड्याचा तळ दाखवत नाहीत. ज्वारीची कणगी असो, तांदळाचा डबा असो की मिठाची बरणी, मूठभर शिल्लक ठेवायचं आणि नवं त्यावर ओतायचं. ‘संपलं’ हा शब्द तर काढायचाच नाही. नवी नवरी असताना पहिल्याच आठवड्यात मी सैपाकघरातून ओरडले, “अत्ती, तेल संपलंय.” अत्ती बाहेरून आल्या आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. “असं म्हणू न्हाय गं लेकी. वाढलं म्हण. संपलं म्हणलं की घर ऐकतंय.” मला तेव्हा ते फार आवडलं होतं. आजही आवडतं. दारी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत लावायचं नाही, आणि ‘संपलं’ म्हणून तर मुळीच लावायचं नाही, यात वाईट काय आहे?

वाईट एवढंच, की अत्तींनी ही रीत औषधाला लावली.

त्याचं मूळ माझ्या नवऱ्यात आहे. श्रीशैल तीन वर्षांचे होते तेव्हा त्यांना न्यूमोनिया झाला. श्वास घेताना बरगड्या मोजता येत होत्या म्हणे. अत्तींनी त्यांना छातीशी बांधून एसटीनं सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, निम्म्या लाल, निम्म्या पिवळ्या. उघडायची, पावडरीचे भाग करायचे, मधातून चाटवायचे. तिसऱ्या दिवशी पोरानं उठून भाकरी मागितली. औषध होतंच तसं. घसा, कान, दात, छाती यांत जंतू माजले की आजही डॉक्टर बऱ्याचदा तेच देतात, आणि वेळेवर दिलं तर माणूस हातचा जात नाही. त्या गोळ्यांनी माझा नवरा वाचला, हे मी नाकारणार नाही. नाकारलं तर माझाच संसार खोटा ठरेल.

पण पोरगं उठून बसलं तेव्हा चार गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या संपवायला सांगितल्या होत्या. संपवायच्या कशा? तळ दाखवायचा नसतो ना. अत्तींनी त्या चार गोळ्या बिस्किटाच्या डब्यात घालून देवापुढं ठेवल्या. रंग तर असा, की बघणाऱ्याला वाटावं देवीनंच पाठवलीय. त्यांनी तिला नाव दिलं ‘हळद-कुंकवाची गोळी’. महिन्याभरानं शेजारचं लेकरू शिंकायला लागलं, अत्तींनी एक गोळी दिली, लेकरू बरं झालं. साधी सर्दी होती, पाणी पाजलं असतं तरी बरं झालं असतं. पण यश आलं ते गोळीच्या नावावर.

तेव्हापासून डबा कधी रिकामा झाला नाही. कारण गल्लीतल्या सगळ्याच घरांत तळ न दाखवायची रीत. ज्याच्या घरी औषध आलं त्यानं बरं वाटलं की दोन-चार गोळ्या मागं ठेवायच्या आणि त्या इरम्माकडं आणून द्यायच्या. जशी विरजणाची देवाणघेवाण, तशी ही. आणि अत्ती ती पट्टी अडकित्त्यानं कापून एकेक गोळी सुटी करायच्या, म्हणजे वाटायला सोपं जावं. गोळी सुटी झाली की पाठीवरचं नाव तुटलं. कुठली कशाची, कुठल्या साली मुदत गेली, सगळं अडकित्त्याखाली गेलं. अत्तींना नावाची गरजच नव्हती. वाचता येत नाही, पण रंग पाठ.

घसा धरला, हळद-कुंकू. दात ठणकला, हळद-कुंकू. अंग मोडून आलं, पायाला भेगा पडल्या, लेकीला सासरी जायचं आणि रडू येतंय, तरी हळद-कुंकू. गल्लीतल्या शरणप्पांच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली तर त्यांनी दोन कॅप्सूल नेल्या आणि उघडून भंडाऱ्यासारखी पावडर खांद्यावर उधळली. बैल बरा झाला. कशानं झाला ते बैलानं सांगितलं नाही, त्यामुळं श्रेय अत्तींना गेलं.

मी काय काय करून बघितलं ते ऐका. आधी तक्ता दाखवला. अत्तींनी चित्रातल्या बाईच्या साडीचं कौतुक केलं. मग शेतातलं उदाहरण दिलं. “अत्ती, खुरपणी अर्धी सोडली तर काय होतं? जे तण उरतं ते चिवट होतं. जंतूंचं तसंच आहे. अर्धंच औषध घेतलं की उरलेले जंतू निर्ढावतात, पुढच्या खेपेला गोळीला जुमानत नाहीत.”

अत्तींनी शांतपणे सुपारी कातरली. “मग पुन्यांदा खुरपायचं. त्यात काय एवढं?”

“आणि सर्दीला ही गोळी चालतच नाही. उगीच जुलाब होतात.”

“जुलाब झालं की पोट साफ हुतंय.”

सांगा आता, डोकं कुठल्या भिंतीवर आपटायचं? एकदा चिडून मी डबा माळ्यावर ठेवला, तर सासरे माणिकप्पा, जे एरवी महिन्यातून चार वाक्यं बोलतात, ते म्हणाले, “देवापुढची वस्तू हलवू नये.” तिसऱ्या दिवशी डबा कोनाड्यात परत.

खरी काळजी मला एकाच गोष्टीची होती, माझ्या लेकीची, अर्पिताची.

अर्पिता पाच वर्षांची असताना तिचा कान फुटला. तालुक्याच्या डॉक्टरांनी गुलाबी पातळ औषध दिलं. दुसऱ्या डोसाला तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टर म्हणाले, हे औषध आणि याच्या जातीची सगळी औषधं या पोरीला आयुष्यात द्यायची नाहीत. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, श्वास बंद होऊ शकतो. त्यांनी लाल शाईनं कागद लिहून दिला. तो मी धाराशिवला नेऊन लॅमिनेट करून आणला. माझ्या पिशवीत तक्त्याच्या आत असतो.

त्या दिवशी दवाखान्यातून आले तेव्हा पोरगी किरकिरत होती, मला झोप नव्हती. अत्तींना औषधाची जात, नाव, पातळ आणि घट्ट हे सगळं समजावायचं मला त्राण नव्हतं. मी म्हटलं, “अत्ती, तुमची हळद-कुंकवाची गोळी आहे ना, तेच औषध होतं ते. लाल-पिवळी दिसली की अर्पिताला द्यायची नाही. एवढं ध्यानात ठेवा, बाकी काही नको.”

त्यांनी ठेवलं. असं ठेवलं, की आख्ख्या गल्लीला सांगितलं, “आमच्या अर्पीला लाल-पिवळी चालत न्हाय, कुणी दिऊ नगा.” आठ वर्षं त्यांच्या हातून एकदाही चूक झाली नाही. मीही निर्धास्त झाले. गावाला तक्ता आणि घराला रंग, असं माझं बरं चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या सिताबाईंचा नातू समर्थ आजारी पडला. दोन वर्षांचं लेकरू, श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. सिताबाई म्हणाल्या, “दृष्ट लागलीया, उतरून टाकली की बरं हुईल.” मी काही ऐकलं नाही. मुलाला उचललं आणि आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, संत्र्याचा वास येणाऱ्या. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पहिली गोळी मी स्वतः वाटीत विरघळवून पाजली. सिताबाईंना तीनतीनदा सांगितलं, पोर खेळायला लागलं तरी पाच दिवस. चौथ्या दिवशी विचारायला गेले.

“देताय ना गोळ्या?”

“देती की. तू सांगितलंस आन् म्या न्हाय दिलं, असं हुईल का?”

मी वहीत बरोबरची खूण केली आणि मनात म्हटलं, चला, एक तरी घर सुधारलं. मागाहून कळलं, सिताबाईंनी तिसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या होत्या. पोरगं अंगणात कोंबडीमागं पळत होतं, मग उगाच औषधाची सवय कशाला? उरलेल्या गोळ्या कुठं गेल्या असतील ते मी सांगायला नको. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त माझ्यापासून लपवलं होतं, कारण मी ओरडते.

पोलिओचा रविवार होता. माझा बूथ शाळेत. सकाळी निघताना अर्पिता म्हणाली, “आई, घसा लई दुखतोय. उद्या चाचणी हाय.” अंग थोडं गरम होतं. मी म्हटलं, मिठाच्या गुळण्या कर, दुपारी येते, मग डॉक्टरांना दाखवू. लॅमिनेट केलेला कागद पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर, आणि मी शाळेत दुसऱ्यांच्या लेकरांच्या करंगळ्यांना शाई लावत बसले.

अकराच्या सुमाराला शाळेच्या फाटकातून कुणीतरी पळत येताना दिसलं. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. जवळ आल्यावर कळलं, अत्ती. मी हातातली डोसाची बाटली टेबलावर ठेवली. त्या पळतायत म्हटल्यावर मी बूथ तसाच सोडून त्यांच्याकडं धावले.

“अर्पीला बघ चल,” एवढंच त्या म्हणाल्या.

अर्पिता ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ जाड झालेले, डोळ्यांच्या फटी उरलेल्या, दंडांवर लाल चकंदळं. “आई” म्हणाली, तर आवाज घोगरा, दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा.

“काय दिलं हिला?” मी ओरडले.

“लाल-पिवळी न्हाय दिली गं! शिवाची आण. त्या गोळीला हातबी लावला न्हाय म्या.”

आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण त्या खोटं बोलत नाहीत. मी अर्पिताचे तळपाय बघितले, विंचू चावला का. मान बघितली, गांधीलमाशी डसली का. न्याहारीला काय खाल्लं विचारलं. दोन-तीन मिनिटं त्यात गेली. मग माझा पाय तांब्याशेजारच्या पेल्याला लागला. पेला उचलला. तळाशी पांढरट गाळ होता आणि त्याला संत्र्याचा वास येत होता.

तो वास मी कसा विसरणार? महिनाही झाला नव्हता, मी स्वतः ती गोळी समर्थला पाजली होती.

रुग्णवाहिकेला फोन केला, तिला वेळ लागणार होता. श्रीशैल शेतातून आले, शरणप्पांची जीप निघाली. अर्पिताच्या श्वासाला शिट्टी यायला लागली होती. मी तिला पुढं धरून बसले होते, अत्ती खाली बसून तिचे तळपाय चोळत होत्या आणि “शिवा, शिवा” म्हणत होत्या. मी त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर जीपमधून ढकलून दिलं असतं, असं तेव्हा वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग विचारपूस केली. मी औषधाचं नाव सांगितलं आणि लॅमिनेट केलेला कागद पुढं केला.

“ॲलर्जी आहे हे माहीत होतं?”

“हो.”

“मग घरात कुणाला सांगून ठेवलं नव्हतं का?”

मी काही बोलायच्या आत तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “सर, ह्या आशाताईच हायत त्या गावच्या.” डॉक्टरांनी कागद माझ्या हातात परत ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अर्ध्या तासात अर्पिताचा श्वास मोकळा झाला. सूज पुन्हा येऊ शकते म्हणून एक रात्र ठेवून घेतलं. ती झोपल्यावर मी बाहेरच्या व्हरांड्यात आले आणि सगळ्या लोकांसमोर अत्तींवर तुटून पडले. अकरा वर्षांचं सगळं काढलं. तक्ता, खुरपणी, माळ्यावरचा डबा. पोरगी गेली असती तर कुणाला हळद-कुंकू लावलं असतं, असंही म्हणाले. श्रीशैल मला आवरत होते. अत्ती खांबाला धरून उभ्या होत्या. मी थांबल्यावर त्या हळूच म्हणाल्या,

“तूच म्हणली हुतीस, लाल-पिवळी नगं. ही तर पांढरी हुती. लेकराची म्हणून हलकी आसंल, म्हणून दिली. पांढऱ्यात बी त्येच असतंय, हे मला कुणी सांगितलं?”

हे उलट उत्तर नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. एकच औषध कॅप्सूलमध्ये लाल-पिवळं, बाटलीत गुलाबी आणि गोळीत पांढरं असतं, हे मला माहीत होतं. गावाला मी नाव वाचा, नाव विचारा म्हणून सांगत फिरले, आणि घरात रंगावर भागवलं, कारण तेवढ्यानं लवकर सुटका होत होती. अत्तींनी माझा शब्द आठ वर्षं तंतोतंत पाळला होता, आणि तो पाळता पाळताच पोरगी मरणाच्या दारात गेली होती. त्या क्षणी मला इतका राग आला, की तो ठेवायला जागाच राहिली नाही. अत्तींवर काढता येईना, आणि स्वतःवर काढायची सवय नव्हती.

घरी आल्यावर मी डबा खाली घेतला आणि वर्तमानपत्रावर उलटा केला. अत्तींनी अडवलं नाही. सुट्या केलेल्या गोळ्यांचा ढीग पडला. लाल-पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या, काही वितळून चिकटलेल्या. मी शिकलेली आशा, पण निम्म्या गोळ्या कशाच्या ते मलाही ओळखता आलं नाही. रंगाकडं बघून अंदाज करत बसले आणि मग माझं मलाच कळलं मी काय करतेय. सगळं बांधून आरोग्य केंद्रात नेऊन दिलं, नष्ट करायला. अत्तींनी डबा घासला आणि उन्हात पालथा घातला. तळाला गंज चढला होता. चाळीस वर्षांत तो तळ कुणी बघितलाच नव्हता.

आता वाटेल गाव सुधारलं. कशाचं काय! दुसऱ्या दिवसापासून बाया दारात. “इरम्मा, एक हळद-कुंकू द्या की.” अत्ती म्हणायच्या, “आता म्या न्हाय देत. शिवलीलाला इचारा.” मग त्या बाया माझ्याकडं असं बघायच्या, जसं मी देवळालाच कुलूप लावलंय. “सून लई शिकली,” असंही पाठीमागं ऐकू आलं. मी सिताबाईंना जाब विचारायला गेले, तर त्या रडायला लागल्या. “आमी चांगल्यासाठीच आणून दिलं हुतं गं.” तेही खरं. या गावात सगळे चांगलेच आहेत, हीच माझी तक्रार आहे.

अत्तींशी मी कामापुरतं बोलायचे. त्याही कमी बोलायला लागल्या. अर्पिता मात्र त्यांच्याच कुशीत झोपायची, पहिल्यासारखी. तिला माझ्याइतका राग धरायला जमत नाही.

शिमग्यानंतर अत्तींचा दात सुजला. गाल टम्म, अंगात ताप. दोन दिवस लवंग धरून बसल्या, सांगितलं नाही. मीच आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर म्हणाले, दातात पू झालाय, दात काढावा लागेल, तोवर गोळ्या घ्या. आणि त्यांनी पट्ट्या पुढं ठेवल्या. लाल-पिवळ्या. अत्तींनी एक पट्टी उचलून उलटीपालटी केली. मग डॉक्टरांना म्हणाल्या,

“ह्येचं नाव काय हाय?”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, “ॲमॉक्सिसिलिन. दिवसातून तीनदा, पाच दिवस. सगळ्या संपवायच्या, आज्जी.” येताना एसटीत अत्ती ते नाव तोंडातल्या तोंडात घोकत होत्या. अर्धं सुजल्या गालात अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. अत्ती दुसऱ्या बाजूनं भाकरी चावायला लागल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता उरलेल्या गोळ्या कोनाड्यात. मुद्दामच काही बोलले नाही. बोलून बोलून तोंडाची चव गेली होती. चौथ्या दिवशी त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी त्यांची चंची उघडून बघितली. सुपारीशेजारी पट्टी होती आणि तिच्यात गोळ्या शिल्लक होत्या. त्या असायलाच हव्या होत्या, पाच दिवस कुठं झाले होते? पण रागात हिशोब कोण करतं! दिवसभर मी भांडी आपटत होते. सासरे दोनदा ओसरीवरून उठून गोठ्यात गेले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी करत होते. अत्ती चुलीशेजारी बसल्या होत्या, जेवण झालं होतं त्यांचं. दारात सिताबाई आल्या. माझ्याकडं न बघता थेट अत्तींना म्हणाल्या,

“इरम्मा, समर्थ खोकतोय बघा सकाळधरनं. तुमच्यापाशी दाताच्या गोळ्या हायत म्हणं. एखादी आसंल तर द्या की, पुन्यांदा मागणार न्हाय.”

अत्तींनी चंची सोडली. पट्टी बाहेर काढली. अखंड होती, अडकित्ता लावलेला नव्हता. तिच्यात एकच कॅप्सूल राहिली होती, लाल-पिवळी. माझे दोन्ही हात पिठात. आता मी ओरडणार तेवढ्यात अत्तींनी ती गोळी बाहेर काढली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग रिकामी पट्टी सिताबाईंसमोर धरली.

“संपलं,” त्या म्हणाल्या.

सिताबाईंनी तोंडाला पदर लावला. तीस वर्षं त्या या दारात येतायत, हा शब्द त्यांनी इथं कधी ऐकला नव्हता. मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता. म्हणताना अत्ती सिताबाईंकडं नाही, कोनाड्यातल्या देवाकडं बघत होत्या.

“शिवलीला,” त्या मला म्हणाल्या, “हात धू. हिच्या नातवाला बघून ये. छाती आत ओढतीया का ते बघ, आन् ओढत आसंल तर दवाखान्यात ने. भाकरी म्या बघते.”

मी हात धुतले आणि पिशवी घेतली.